डोंगळ्यांची पहिली वसाहत : जून ते नोव्हेंबर

पावसाची पहिली सर पडून गेली की संध्याकाळी जिन्यातल्या दिव्याखाली पंखांचा खच पडतो. तो बहुतेक वाळवीचा असतो. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे. मुंगीचे पुढचे मोठे आणि मागचे लहान, शिवाय तिला कंबर असते आणि मिशा कोपरात वाकलेल्या. सहकारनगरातल्या आमच्या जिन्यात 7 जूनला मला जी राणी मुंगी मिळाली तिने पंख आधीच टाकले होते. काळी कुळकुळीत, पट्टी लावून मोजली तर 17 मिलीमीटर. आपला नेहमीचा मोठा डोंगळा, शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस.

तिची वसाहत घरात वाढवायची ठरवली. मांडणी नेहमीचीच. टेस्ट ट्यूबमध्ये तिसरा हिस्सा पाणी, मग घट्ट कापसाचा बोळा, मग राणी, तोंडाला पुन्हा सैलसर बोळा. वरून लाल जिलेटिन पेपर, कारण लाल उजेड त्यांना फारसा दिसत नाही.

9 जून : 3 अंडी. 11 जून : 6 अंडी. 13 जून : शून्य.

चूक माझी. ट्यूब फ्रिजच्या डोक्यावर ठेवली होती, कॉम्प्रेसर सुरू झाला की सगळं थरथरायचं, आणि वर मी दिवसातून चार वेळा टॉर्च मारून बघत होतो. पहिली कामकरी मुंगी बाहेर येईपर्यंत ही राणी काही खात नाही. पंखांचे स्नायू विरघळवून आणि अंगातल्या चरबीवर ती महिना-दीड महिना काढते. बिथरली की अंडी खाऊन टाकते, म्हणजे खर्च केलेला पैसा परत खिशात. ट्यूब कपाटात स्वेटरांच्या मागे गेली आणि टॉर्च फक्त रविवारी, असं ठरवलं. दोन रविवार पाळलं. तिसऱ्या आठवड्यात बुधवारीच कपाट उघडलं, पण तेव्हा काही बिघडलं नाही.

20 जूनला पुन्हा अंडी. मग अळ्या, आणि जुलैच्या मध्यावर कोष : बडीशेपेच्या दाण्याएवढे, फिकट बदामी, एका टोकाला काळा ठिपका. तो ठिपका बघून मला बुरशी वाटली होती. खरं तर कोष विणून झाल्यावर अळी आयुष्यभर साठवलेली विष्ठा एकदाच टाकते, तिचा तो डाग.

2 ऑगस्टला, रविवार नसतानाही, नेमकं बघायला मिळालं. राणीने एक कोष पुढच्या पायांत धरला आणि जबड्याने टोकापासून हळूहळू फाडला. आत पाय दुमडून बसलेली, चहात जास्त दूध पडल्यासारख्या रंगाची कामकरी. काळी व्हायला तिला काही दिवस लागले. ही पहिली खेप ठेंगणीच असते, राणीच्या निम्मीसुद्धा नाही.

खाणं : फॉइलच्या तुकड्यावर साखरपाण्याचा थेंब. थेंब लहान ठेवा, मोठ्यात माझी एक बुडाली. पिऊन फुगलेल्या कामकरीच्या पोटावरच्या पट्ट्या ताणून मध्ये फिकट रेघा दिसतात. ती ट्यूबमध्ये परतली की राणीच्या तोंडाला तोंड लावते आणि रेघा बारीक होत जातात. प्रथिनांसाठी रॅकेटने मारलेले डास. त्यासाठी घरातलं डासांचं लिक्विड मशीन बंद केलंय, कारण ते औषध मुंग्यांनाही मारतं. डास आम्हाला चावतात, पण निदान वाया जात नाहीत.

सप्टेंबरात, ट्यूब ज्या डब्यात ठेवली होती त्याच्या आतल्या कडेला टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून पट्टा मारला. तो आतल्यांना अडवतो, बाहेरच्यांना नाही. ओट्यावरच्या बारीक लाल मुंग्यांची रांग साखरपाण्याच्या वासाने थेट डब्यात उतरली आणि मी उठेपर्यंत दोन कामकरी गेल्या होत्या. उपाय आईने सांगितला : परातीत पाणी आणि मध्ये डबा, तुपाच्या भांड्याला ठेवतो तसं. "जन्मभर हळद टाकून यांना हाकललं, आणि तू पाळतोयस," हे वर. आता तीच मला न विचारता परातीतलं पाणी बदलते. मुंग्यांचा खडू मात्र तिने घरातून टाकून दिलाय, मी सांगायच्या आधी.

दिवाळीपर्यंत ट्यूबमधलं पाणी संपत आलं, कापूस काळा पडला. शेजारच्या रिडेव्हलपमेंटच्या साइटवरून सिपोरेक्सचा, म्हणजे भिंतींच्या हलक्या सच्छिद्र ब्लॉकचा, तुकडा आणला. कानसीने आणि जुन्या स्क्रूड्रायव्हरने कोरायला दोन रविवार गेले : चार खोल्या, जोडणारे बोगदे, एका बाजूला पाण्याची खाच म्हणजे ब्लॉक ओल धरून ठेवतो. वर काच, काचेवर लाल पेपर. ट्यूबचा पेपर काढून तिथे उजेड केला, ब्लॉक अंधारात. म्हणजे त्यांनी आपण होऊन हलावं.

16 नोव्हेंबर : 24 कामकरी, 9 कोष, अंड्यांचा एक पुंजका. हवा गार झाल्यापासून हालचाल मंदावलीय. ब्लॉक जोडून अकरा दिवस झाले. राणी अजून उजेडातल्या ट्यूबमध्येच. कामकरी मात्र रोज ब्लॉकमध्ये जाऊन येतात. डासांचे पाय, रिकामे कोष आणि दोन मेलेल्या बहिणी त्यांनी सगळ्यात मोठ्या खोलीत नीट रचून ठेवल्यात.