माझ्याच अक्षरातली डिस्क

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या छोट्या दुकानात आता लग्नाच्या शूटिंगची कामे फारशी येत नाहीत. येतात त्या जुन्या कॅसेटी. नव्वदच्या दशकात पॅनासॉनिकचा एम-थ्री थाउजंड कॅमेरा खांद्यावर घेऊन मी करवीर, पन्हाळा, कागल या तालुक्यांतली लग्ने टिपली, पुढे शूटिंग कापून-जोडून देणारी मिक्सिंग लॅब चालवली, आणि लॅबचे काम मोबाइलने खाल्ल्यावर तेव्हाचे व्हीसीआर, म्हणजे व्हिडिओ कॅसेटी चालवणारी यंत्रे, न विकता ठेवले म्हणून आज लोक माझ्याकडे येतात. २०१९च्या महापुरानंतर तर काही महिने दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही पंचगंगेची धोक्याची पातळी. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. चिखलाने भरलेल्या कॅसेटी घेऊन माणसे येत, आणि त्यांतल्या अनेकांनी त्या आधीच कडक उन्हात वाळवलेल्या असत, त्यामुळे जे पाण्याने वाचवले ते उन्हाने वाकवलेले असे. तेव्हापासून मला वाटत होते की कॅसेटीच्या बाबतीत मी पाहायचे ते सगळे पाहून झाले आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी, एका मंगळवारी, शुक्रवार पेठेतल्या एक काकू सुनेला घेऊन दुकानात आल्या. मागून रिक्षावाल्याने एक पत्र्याची ट्रंक आणून ठेवली. त्यांचे जुने घर पाडायचे ठरले होते, फ्लॅटमध्ये माळा नव्हता, आणि पुण्याला असलेल्या मुलाने ट्रंकेतल्या वस्तूंचा निकाल लावूनच सामान हलवायचे असे बजावले होते. काका, म्हणजे काकूंचे यजमान, एसटीत कंडक्टर होते. त्यांना जाऊन चार वर्षे झाली होती. ट्रंक त्यांची होती.

“एवढं बघा की हो,” काकू म्हणाल्या. “काय ठेवायचं आणि काय नाही ते तुम्हीच सांगा. आम्हाला यातलं काही कळत नाही.”

ट्रंक उघडताच बुरशीचा तो ओळखीचा कुबट वास आला. आत व्हीएचएसच्या बावीस व्हिडिओ कॅसेटी, ऑडिओ कॅसेटींचे तीन डबे, व्हीसीडी आणि डीव्हीडींची एक चळत, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला, पट्टे सैल झालेला एक टेपरेकॉर्डर होता. सुनेने मुलाला फोन लावून स्पीकरवर ठेवला. मुलगा समंजस होता, पण त्याने मनाशी एक आराखडा बांधलेला होता: सिनेमे आणि गाणी सगळी ऑनलाइन मिळतात, तेव्हा ती टाकून द्यायची, घरचे जे काही असेल ते एकदाच ब्लू-रे डिस्कवर लिहून घ्यायचे, आणि आईसाठी एक चांगला फोर-के प्लेअर घ्यायचा, म्हणजे पुन्हा पन्नास वर्षे बघायला नको.

मी त्याला जे सांगितले ते मी जवळजवळ रोज कोणाला तरी सांगत असतो. व्हीएचएस १९७६ साली बाजारात आली आणि तिने घरोघर पाय रोवले, तरी जपानच्या फुनाई कंपनीने २०१६च्या जुलैमध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले, आणि त्यानंतर नवे यंत्र मिळणे बंद झाले. ब्लू-रेशी स्पर्धा करणारा एचडी-डीव्हीडी नावाचा डिस्कचा प्रकार तर २००६ साली आला आणि २००८ साली तोशिबाने तो सोडूनही दिला. ज्यांनी घाईने त्याची यंत्रे घेतली, त्यांच्या हाती दोन वर्षांत जुनाट माल उरला. घरी लिहिता येण्याजोग्या ब्लू-रे डिस्क बनवणे सोनीने २०२५च्या फेब्रुवारीत बंद केले. शिवाय व्हीएचएसवर मुळात जेवढे चित्र आहे, त्यात फोर-के यंत्र एका रेषेचीही भर घालू शकत नाही. ते फक्त आहे ते ताणून मोठे करते. तेव्हा पन्नास वर्षांची हमी देणारी वस्तू विकत घेण्याचा विचार सोडून द्यावा, आणि ट्रंकेतले काय जगात दुसरीकडे कोठेही नाही एवढाच प्रश्न आधी सोडवावा, असे मी म्हणालो. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “मग तुम्ही वेगळं करून ठेवा, मी ऐकतोय.”

विकतचे सिनेमे बाजूला काढायला दहा मिनिटेही लागली नाहीत. त्यांच्यासाठी पैसे घालवण्यात अर्थ नव्हता.

ऑडिओ कॅसेटींचे काम तितके सोपे नव्हते. तिन्ही डब्यांत बहुतेक कॅसेटी हिंदी सिनेमांच्या गाण्यांच्या होत्या, कंपनीच्या छापील वेष्टनात, आणि मुलाच्या आराखड्याप्रमाणे त्या सरळ भंगारात जाणार होत्या. पण विकतच्या कॅसेटीच्या मागच्या कडेला दोन्ही कोपऱ्यांत छोटी भोके असतात. त्या जागेचे प्लॅस्टिकचे पान मोडलेले असले की टेपरेकॉर्डरचे रेकॉर्डिंगचे बटण दाबले जात नाही आणि आतले गाणे सुरक्षित राहते. ज्यांना वर दुसरे काही भरायचे असे ते त्या भोकावर सेलोटेप चिकटवत किंवा कागदाचा बोळा कोंबत. कोरी कॅसेट विकत घेण्यापेक्षा हे स्वस्त पडे आणि त्या काळी घरोघर चाले. मी एकेक कॅसेट उलटी करून पाहत गेलो, आणि नऊ कॅसेटींच्या भोकांत एसटीच्या तिकिटांच्या कागदाचे बोळे सापडले.

त्यांतल्या एका कॅसेटीची फीत दाबून धरणारी आतली नमद्याची गादी गळून पडली होती, म्हणून फीत काढून स्क्रूच्या दुसऱ्या खोक्यात बसवली, चाक बोटाने फिरवून फीत मोकळी आहे ना ते पाहिले, आणि मग लावली. वेष्टनावर एका गाजलेल्या सिनेमाचे नाव होते. आत पेठेतल्या भजनी मंडळाचे भजन होते: टाळ, पखवाज, थोडी बेसूर पेटी, आणि दोन अभंगांच्या मध्ये कोणीतरी नंदवाळच्या दिंडीला पहाटे किती वाजता निघायचे हे ओरडून सांगत होते. काकू स्टुलावरून उठून स्पीकरच्या अगदी जवळ आल्या. “पेटी यांची,” त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, “आणि ओरडतायत तेही हेच.” सून फोन स्पीकरकडे धरून उभी होती. पुण्याहून काहीही आवाज आला नाही, पण फोन चालू होता.

त्यानंतर मी डीव्हीडींच्या चळतीकडे वळलो, आणि पाचवी की सहावी डिस्क हातात घेताच थांबलो. तिच्यावर गोल कागदी स्टिकर होता आणि स्टिकरवर काकूंच्या मुलीच्या लग्नाची १९९६ सालची तारीख होती. अक्षर माझे होते.

२००८ साली मीच ती डिस्क लिहून दिली होती. काका कॅसेट घेऊन आले असणार, मी ती व्हीसीआरला लावून तीन तासांचे लग्न ४.७ जीबीच्या एका डिस्कवर दाबून बसवले असणार, आणि त्या काळी प्रत्येक गिऱ्हाइकाला जे सांगत होतो तेच त्यांनाही सांगितले असणार: आता कॅसेट ठेवून काय करणार, डीव्हीडी कायमची आहे, कॅसेटीला बुरशी लागते. हे मी कोणाला फसवण्यासाठी सांगत नव्हतो. माझा स्वतःचा त्यावर पूर्ण विश्वास होता. माझ्या स्वतःच्या लग्नाची कॅसेटही मी त्याच वर्षी टाकून दिली आहे.

डिस्क ड्राइव्हमध्ये घातली. पहिला तास ठीक चालला, मग चित्राचे चौकोन होऊ लागले, आणि जेवणाच्या पंगतीवर ते गोठले. पुढचे काही केल्या वाचता येईना. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत माहिती एका सेंद्रिय रंगाच्या थरात असते. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो रंग हळूहळू विटतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर दमट हवेला तोटा नसतो. वरून चिकटवलेल्या स्टिकरचाही डिस्कला त्रासच होतो, हे मला फार नंतर कळले. शिवाय डिस्क आतून बाहेरच्या दिशेने लिहिली जाते आणि बाहेरची कड सहसा आधी खराब होते, म्हणजे जे सगळ्यांत शेवटी असते तेच आधी जाते. लग्नाच्या शूटिंगमध्ये शेवटी पाठवणी असते.

मी काकूंना काही न लपवता सांगितले की ही डिस्क माझी आहे, ती गेली आहे, आणि कॅसेट टाकायला मीच सांगितले असणार. काकूंनी माझ्याकडे पाहिले आणि ट्रंकेकडे बोट दाखवले. “ते कुणाचं ऐकायचे नाहीत,” त्या म्हणाल्या. “रद्दीवाल्याला त्यांनी साधी वहीसुद्धा दिली नाही कधी.”

बावीस कॅसेटींमध्ये ती होती, पाठीवर काकांच्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली. कॅसेटीच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसत होती, पण थोडीच. बुरशीची कॅसेट तशीच यंत्रात घातली तर फीत वाचणारे हेड खराब होते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटीला ती बुरशी लागते, म्हणून मी त्या दिवशी ती चालवणार नाही असे सांगितले. काकूंनी पुढच्या मंगळवारी येते म्हणून सांगितले. मधल्या आठवड्यात मी ती उघडली, फीत हाताने पुढे सरकवत कोरड्या मऊ फडक्याने इंच इंच पुसली, नव्या खोक्यात बसवली आणि मग चांगल्या व्हीसीआरमध्ये लावली. चित्र स्थिर करणारे ट्रॅकिंगचे बटण दोनदा हलवावे लागले. चित्राच्या तळाशी एक पट्टा थरथरत राहिला. बाकी सगळे होते.

तीन तासांच्या त्या शूटिंगमध्ये काका जवळजवळ दिसतच नाहीत; वधूपित्याला कॅमेऱ्यापुढे उभे राहायला सवड कोठली. ते दिसतात ते पाठवणीला, गाडीच्या दारापाशी. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून ते काहीतरी बोलतात, ते बँडच्या आवाजात ऐकू येत नाही, आणि मग ते वळून ड्रायव्हरला गाडीत जागा किती आहे ते कंडक्टरच्याच सवयीने विचारतात, ते मात्र स्पष्ट ऐकू येते. मंगळवारी काकूंनी तो भाग चार वेळा लावायला सांगितला.

मुलगा शनिवारी स्वतः पुण्याहून आला आणि आम्ही बसून ठरवले. घरच्या सात व्हीएचएस आणि नऊ ऑडिओ कॅसेटी उतरवायच्या. व्हिडिओची एक प्रत मोठ्या फाइलमध्ये, तासाला साधारण १३ जीबी, आणि एक लहान प्रत फोनवर पाहण्यासाठी. दोन हार्ड डिस्क, एक कोल्हापुरात आणि एक पुण्यात, म्हणजे एका घरात पाणी शिरले तरी दुसरी प्रत उरेल. हार्ड डिस्कही कायमची नसते, म्हणून दर वर्षी दसऱ्याला, यंत्रांची पूजा करतो तेव्हाच, ती लावून फाइली उघडून पाहायच्या आणि चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवायच्या. प्लेअर घ्यायचा नाही. आणि मूळ कॅसेटी, माझे काम कितीही चांगले झाले तरी, टाकायच्या नाहीत. त्या उभ्या, कोरड्या कपाटात ठेवायच्या. हे शेवटचे मी दोनदा सांगितले. ज्या गावात बाबूराव पेंटर यांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा घडवला आणि मूकपट काढले, त्या गावात त्यांतले बहुतेक मूकपट आज कोणालाही पाहता येत नाहीत, हे मला त्या वेळी सारखे आठवत होते.

ते गेल्यावर मी कपाटातून २००६ ते २०११ या वर्षांच्या वह्या काढल्या. कोणाची कोणती कॅसेट डीव्हीडीवर उतरवली, किती पैसे घेतले, फोन नंबर काय, हे सगळे मी त्यांत लिहीत असे. दोनशेहून अधिक नावे निघाली. पहिल्या संध्याकाळी अकरा नंबर लावले. सात बंद होते, एक दुसऱ्याच कोणाचा होता, दोघांनी बघून सांगतो म्हटले. अकराव्या गृहस्थांनी, उत्तरेश्वर पेठेतल्या, मला लगेच ओळखले. मुलाच्या बारशाची कॅसेट अजून घरात आहे का, असे मी विचारले.

“कॅसेट?” ते म्हणाले. “ती तर तुम्हीच टाकायला सांगितली होती.”

डिस्क आहे का, असे मी विचारले. असेल कपाटात, पण बरीच वर्षे लावलेली नाही, उद्या-परवा शोधतो, असे ते म्हणाले. जमले तर आजच घेऊन या, मी म्हणालो, आणि ते येईपर्यंत दुकान उघडे ठेवले.