‘नॅनोवालं’ लाल औषध

आमच्या केमो वॉर्डात डॉक्सोरुबिसिनला पेशंट ‘लाल औषध’च म्हणतात. साधं डॉक्सो सिरिंजमध्ये स्वच्छ लालभडक दिसतं. लायपोसोमल डॉक्सो उजेडात धरलं की किंचित गढूळ वाटतं, कारण ते सुमारे १०० नॅनोमीटरच्या स्निग्ध कणांत कोंडलेलं असतं. ते सलाईनमध्ये घालायचं नाही, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच. पहिल्या वेळी अगदी सावकाश सोडते आणि पेशंटच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नाही. चेहरा लाल झाला, छाती आवळली, की लगेच बंद.

नातेवाईक हमखास विचारतात, “सिस्टर, हे नॅनोवालं ना? थेट गाठीवरच जातं ना?”

नाही जात. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईत वाढलेल्या, फटी असलेल्या असतात, त्यातून कण आत झिरपतात, हे खरं. जपानच्या मात्सुमुरा आणि माएदांनी ते १९८६ मध्येच मांडलं. पण २०१६ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग तपासले, तेव्हा दिलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचं मधलं प्रमाण (मीडियन) फक्त ०.७ टक्के निघालं. बरेचसे कण यकृत आणि प्लीहाच अडवतात.

तरीही मला या औषधाचं मोल वाटतं, ते हृदयासाठी. साध्या डॉक्सोने हृदयाचे स्नायू दुबळे होतात, म्हणून जन्मभराच्या डोसचा हिशेब ठेवावा लागतो. हृदयातल्या रक्तवाहिन्या घट्ट विणीच्या, तिथे हे कण सहज शिरत नाहीत. अमेरिकेत डॉक्सिल या नावाच्या लायपोसोमल डॉक्सोला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. ‘इम्पोर्टेडच द्या’ म्हणणाऱ्यांना मी सांगते, २०१२ मध्ये तिकडे तुटवडा होता तेव्हा मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स, म्हणजे हेच औषध, त्यांनी मागवलं होतं.

मात्र कण रक्तात बरेच दिवस फिरतात आणि तळहात-तळपायांच्या त्वचेत उतरतात. अंडाशयाच्या कॅन्सरच्या एक मावशी दुसऱ्या डोसनंतर आल्या, तळहात लाल, बोटांच्या पेरांवर सालं निघालेली. “केस राहिले गं, पण भाकरी थापता येईना.” डॉक्टरांनी पुढचा डोस लांबवला, कमीही केला. मावशींनी हे आठवडाभर अंगावर काढलं होतं, कारण घरी कुणीतरी सांगितलं होतं, नॅनोला साइड इफेक्ट नसतो. असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

डोसनंतर काही दिवस गरम पाण्यात भांडी घासू नका, घट्ट चपला घालू नका. तळहाताला झिणझिण्या आल्या तर पुढच्या तारखेची वाट न बघता वॉर्डात फोन करा.