बेडकासाठी थोडा पसारा

फुलपाखरं यावीत म्हणून कोणी फुलझाडं लावली, पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं टांगलं, तर लोक कौतुक करतात. बेडूक यावेत म्हणून खटपट करणाऱ्याकडे मात्र जरा चमत्कारिक नजरेनं बघतात. ती नजर मला आता सवयीची झाली आहे. बेडकाची बाजू घेणं तसं अवघडच. डोळे बटबटीत, अंग बुळबुळीत. आणि त्याचा भाऊबंद भेक तर कोरड्या, खडबडीत कातडीचा, अंगभर फोडफोड. त्याला हात लावला की आपल्याला चामखीळ येते, ही समजूत खोटी आहे. चामखीळ विषाणूमुळे येते, भेक बिचारा निर्दोष. त्याच्या डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथींत विष असतं, हे मात्र खरं. कुत्र्याला त्याच्यापासून लांब ठेवावं, आणि आपण त्याला हाताळलंच तर हात धुवावेत.

त्याला बोलवायचं तर आणावं लागतं थोडं, सोडावं लागतं बरंच. आधी सुटतो तो औषधाचा पंप. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. श्वासही काही अंशी कातडीतूनच घेतो. पानावर मारलेलं औषध त्याच्या अंगात सहज उतरतं. शिवाय सगळे किडे आपणच मारून ठेवले, तर त्यानं यायचं कशासाठी?

त्यानंतर सुटते ती टापटीप, आणि हे फार जड जातं. वाळकी पानं दिसली की हात खराट्याकडे जातो. पण त्या पानांखाली ओल असते, ओलीत किडे असतात, आणि तिथेच कुठेतरी भेक ऊन टाळत दिवस काढत असतो. एक कोपरा त्याच्या नावानं सोडून द्यावा. तिथे कुजका ओंडका असू दे, चार दगड असू देत, गवत हवं तसं वाढू दे. टवका उडालेली कुंडी सावलीत आडवी ठेवून अर्धी मातीत पुरली, की घर तयार. फुटक्या कुंडीचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. तो त्यात कधी राहायला येईल, हे विचारू नये. रोज कुंडी उचलून बघूही नये. मला हा मोह फार होतो.

पाणी हवं, पण खोल नको. नुसतं बसायला पसरट बशी पुरते; डास होऊ नयेत म्हणून तिच्यातलं पाणी दोन-चार दिवसांनी बदलावं. अंडी घालायला छोटं तळं लागतं, आणि त्याचा निदान एक काठ उतरता हवा. सरळ भिंतींच्या हौदात पडलेल्या पिल्लांना बाहेर येता येत नाही. भरायला पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम. तळ्यात रंगीत मासे सोडायची हौस असेल, तर बेडकांची आशा सोडावी. मासे अंडीही खातात आणि टॅडपोलही, म्हणजे अंड्यांतून निघालेली शेपटीवाली पिल्लं.

एवढं करून कोणी येईना, की दुसरीकडून चार बेडूक उचलून आणावेसे वाटतात. तसं करू नये. कायट्रिड नावाची बुरशी जगभरच्या बेडकांच्या जिवावर उठलेली आहे, ती अशा ने-आणीतून पसरते. माणसाच्या अतिउत्साहाचा नमुना ऑस्ट्रेलियात आहे. उसावरचे भुंगेरे खातील म्हणून 1935 साली हवाई बेटांवरून भेक आणून क्वीन्सलंडमध्ये सोडले. भुंगेऱ्यांचं काही बिघडलं नाही. भेक मात्र पसरत गेले आणि त्यांना खाणारे तिथले प्राणी त्यांच्या विषानं मेले.

आपण होऊन आलेल्या भेकाला जेवताना एकदा जरूर बघावं. किडा निश्चल असेल तर नाकासमोर असूनही हा ढिम्म. किडा जरा हलला, की जीभ जाऊन परत आलेलीही असते. मग घास गिळताना डोळे मिटतो आणि बुबुळं आत ओढून घेतो. ती घास खाली ढकलायला मदत करतात. इतक्या मनापासून जेवणारा प्राणी मी दुसरा पाहिलेला नाही. अंगावरची जुनी कातडीही तो टाकत नाही, ओढून काढतो आणि खाऊन टाकतो.

आवाजाबद्दल आधीच सांगून ठेवतो. ओरडतात ते बहुतांशी नर, माद्यांसाठी, आणि तेही तोंड मिटून. हवा फुप्फुसांतून गळ्याच्या पिशवीत आणि पिशवीतून परत फुप्फुसांत फिरत राहते, त्यामुळे दम लागून गप्प बसतील ही आशा व्यर्थ. झोप सावध असणाऱ्यांनी तळं खिडकीपासून लांब खणावं. बेडकांमागून कधीतरी सापही येईल. त्याची धास्ती असेल तर दगडांचा ढीग दारापासून दूर रचावा.

अंड्यांचा गोळा दिसला तर तो बहुधा बेडकाचा, आणि मण्यांच्या माळा पाणवनस्पतींत गुंतलेल्या दिसल्या तर भेकाच्या. पुढे टॅडपोलना पाय फुटतात. शेपूट गळून पडत नाही, अंगातच जिरते. आणि एखादा पाऊस पडला की नखाएवढी पिल्लं एकदम पाण्याबाहेर पडून गवतात पांगतात. वरून बघणाऱ्याला ती दिसतही नाहीत. तेव्हा त्या दिवसांत गवत कापायचं यंत्र बाहेर काढू नये, आणि कोणी बाग बघायला आलंच तर त्यांना फरसबंद वाटेवरूनच फिरवावं.