तिसरा फेरफार

सरकारने आमचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी केलं, पण गावाला मी अजून तलाठी आप्पाच. तापीकाठच्या माझ्या सज्जातलं, म्हणजे माझ्याकडच्या गावांतलं, एक वारसाचं प्रकरण डोक्यातून जात नाही.

तीन भावांनी बाप वारल्यावर अर्ज दिला. वारस तीन. पोलीस पाटलाचा दाखला, पंचांच्या सह्या, कागद सगळे जागेवर. चौथी बहीण आहे आणि तिच्या लग्नात हाच पाटील पंगतीत वाढत होता, हे मला नंतर कळलं. त्या सहीबद्दल मी त्याला आजही माफ केलेलं नाही. मी फेरफार धरला, म्हणजे मालकीबदलाची नोंद घेतली, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम १५० ची नोटीस चावडीवर लावली. १५ दिवसांत हरकत आली नाही की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबारा बदलतो. जिचा हक्क जातो ती नांदते दुसऱ्या तालुक्यात. तिने चावडी वाचायची कधी?

ही आली, कारण मुदतीच्या बाराव्या दिवशी आखाजी होती, म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी येण्याचा सण. गल्लीत लिंबाला झोके बांधलेले, घरोघर सांजोऱ्या तळणं चाललेलं. ती कार्यालयाच्या दाराशी येऊन टेकली.

"आप्पा, मनं नाव शे का त्यामा?"

नव्हतं. म्हटलं, ताई, लेखी हरकत द्या. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीतही मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. नोंद तक्रारी होईल, सुनावणी लागेल, निकाल पटला नाही तर प्रांतांकडे अपील करता येतं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मंग आखाजीले मी कथा येऊ?" कथा म्हणजे कुठे.

हरकत तिने दिली नाही. मीच अहवाल लिहिला, एक वारस सुटला आहे. मंडळ अधिकाऱ्यांवर दोन्हीकडून फोन आले, तरी त्यांनी नोंद नामंजूर केली. असा माणूस वर असला की खालच्याला बळ येतं. दुसऱ्या फेरफाराने चार नावं लागली.

उतारा घ्यायला ती स्वतः आली. पदराची गाठ सोडून १५ रुपये मोजले. वाचता येत नव्हतं, मी चौथं नाव दाखवलं. "हाई मनं नाव?" म्हणत तिने अक्षरांवरून दोनदा बोट फिरवलं आणि घडी करून कापडी पिशवीत तळाशी ठेवली.

महिनाभरात भावांनी तिला नेऊन नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घेतलं. तिसरा फेरफार मलाच धरावा लागला. दस्तात राजीखुशी लिहिलेली होती, आणि नोंदलेल्या दस्तापुढे तलाठ्याला काही विचारता येत नाही.

यंदाच्या आखाजीला ती माहेरी आली होती का, हे गावात कुणाला विचारायचं मला धाडस झालेलं नाही.