दीड मिलिमीटर

सदतीस वर्षांची, यवतमाळकडची, कापूस वेचणारी ती बाई नागपूरला माझ्याकडे आली, तेव्हा गर्भाशयमुखावरची कर्करोगाची गाठ १.८ सेंटिमीटरची, म्हणजे आजार १बी१ या सुरुवातीच्या टप्प्यात होता, आणि एमआरआयमध्ये, आजार जिथे आधी पसरतो त्या लसिकाग्रंथी फुगलेल्या दिसत नव्हत्या. गर्भाशय आणि भोवतीच्या ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया दुर्बिणीने केली तर आजार अधिक उलटतो, असे २०१८ मध्ये एका मोठ्या चाचणीतून समोर आल्यापासून मी पोट उघडूनच शस्त्रक्रिया करते. काही सहकारी अजूनही छोट्या छिद्रांचे आमिष दाखवतात.

ग्रंथी काढल्या असे आपण म्हणतो, पण त्या बोरांसारख्या वेगळ्या दिसत नाहीत. रक्तवाहिन्यांभोवतीच्या पिवळ्या चरबीत त्या दडलेल्या असतात. ओटीपोटातली मोठी बाह्य इलियाक शीर हलकेच बाजूला घेऊन तिच्याखालच्या खळग्यातली चरबी सोडवत गेले, की तळाशी ऑब्च्युरेटर नर्व्हची पांढरी, ताणलेली दोरी दिसते, आणि ती दिसेपर्यंत मी कुणालाही कात्री चालवू देत नाही, कारण ती दुखावली तर मांडी आत ओढणे जड जाते. खरी धास्ती मात्र शिरेचीच; धमनी निभावून नेते, शीर ओल्या कागदासारखी फाटते.

डाव्या खळग्यातली एक ग्रंथी बोटाला किंचित कडक लागली, म्हणून ती फ्रोझन तपासणीला, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठवून कापून बघायला, पाठवली. तिच्यात कर्करोग निघाला असता तर गर्भाशय तसेच ठेवून पोट शिवायचे ठरले होते, कारण पुढे किरणोपचार द्यायचेच असतील तर दोन्ही उपचारांचे दुष्परिणाम तिच्या माथी मारण्यात अर्थ नसतो. अर्ध्या तासाने फोन आला: निरोगी. मी गर्भाशय काढले आणि अंडाशये जागेवरच ठेवली.

बाराव्या दिवशीच्या पक्क्या अहवालात, एकवीस ग्रंथींपैकी त्याच एकीत, १.५ मिलिमीटरचा कर्करोगाचा ठिपका निघाला. गोठवून कापलेल्या मोजक्या चकत्यांतून तो निसटला होता. त्याबद्दल पॅथॉलॉजिस्टला बोल लावणे मला पटत नाही. ०.२ मिलिमीटरहून मोठा ठिपका मोजावाच लागतो, त्यामुळे टप्पा थेट ३सी१, म्हणजे ग्रंथींत पोचलेल्या आजाराचा झाला, आणि किरणोपचार द्यावेच लागणार होते.

“पिशवी तं काढली नं मॅडम, मंग आता शेक कायले?” तिच्या सासूने किरणोपचारांबद्दल विचारले. पिशवी काढली की सुटका, हा समज आमच्याच व्यवसायाने गावोगावी रुजवला आहे.

मला सलते ते वेगळेच. पोट उघडे असतानाच अंडाशये किरणांच्या कक्षेबाहेर, वर बाजूच्या भिंतीला टाक्यांनी अडकवून ठेवणे फार वेळेचे काम नव्हते, पण फ्रोझन निरोगी आले म्हणून मी ते केले नाही. ग्रंथी कडक लागली होती, हे माझ्या बोटाला ठाऊक होते. सोमवारपासून तिचा शेक सुरू होतो आहे; किरणांनी अंडाशये बंद पडतील, अंगातून वाफा निघतील, हाडे लवकर ठिसूळ होतील, हे मी तिला सांगितले, तेव्हा वेचणीपर्यंत उभी राहीन का, एवढेच तिने विचारले.