आमची वाटचाल : चार तारांचा धंदा

सुरुवात दुरुस्तीपासून झाली. ॲम्प्लिफायर, मिक्सर, गिटारचे प्रीॲम्प, जे येईल ते उघडायचं. मग लोक म्हणू लागले, "असाच एक सर्किट बोर्ड आमच्या मापाचा करून द्या." दुरुस्तीवाले होतो ते बोर्ड बनवणारे झालो. तोवर पॉवरचा प्रश्न सोपा होता: ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा ब्रिज, दोन मोठे कॅपॅसिटर. पुढे जो तो एकच मागू लागला, वेगळा अडॅप्टर नको, यूएसबीवर चालायला हवं.

दिसायला काम चार तारांचं. लाल पाच व्होल्ट, काळी ग्राउंड, हिरवी-पांढरी डेटाची. (रंगांवर आम्ही विसंबत नाही. स्वस्त केबल सोलली की आत काहीही निघतं. मीटर लावल्याशिवाय सोल्डरिंग नाही.) तारेची जाडीही बघावी लागते. २८ गेजच्या एक मीटर तारेला साधारण ०.२१ ओहम रोध असतो. जाता-येता धरून ५०० मिलिॲम्पिअरला ०.२ व्होल्ट वाटेतच जातात.

आमचं नाव झालं ते मात्र शिट्टीमुळे. दुसरीकडे बनवलेला बोर्ड घेऊन लोक यायचे: हेडफोनमध्ये बारीक शिट्टी येते, महागडे ऑप-ॲम्प (आवाजाचा सिग्नल वाढवणाऱ्या चिपा) बदलले तरी जात नाही. ती १ किलोहर्ट्झची असली की निम्मं निदान तिथेच व्हायचं. फुल-स्पीड या संथ यूएसबीत दर मिलिसेकंदाला एक फ्रेम, म्हणजे डेटाची एक खेप जाते, वेगवान हाय-स्पीडमध्ये सेकंदाला ८००० मायक्रोफ्रेम. त्या ठेक्यावर बोर्ड ओढत असलेला करंट हलतो, ग्राउंडच्या वाटेवर थोडं व्होल्टेज पडतं आणि ते थेट आवाजात उतरतं. ऑप-ॲम्प बिचारा निर्दोष. कनेक्टरपाशी खरखर अडवणारा फेराइट बीड, ॲनालॉग भागाला व्होल्टेज स्थिर ठेवणारा स्वतंत्र लिनिअर रेग्युलेटर आणि डिजिटलचा परतीचा करंट ऑडिओच्या ट्रॅकखालून जाणार नाही अशी मांडणी, एवढ्यावर बहुतेक तक्रारी मिटल्या. ५० हर्ट्झची घरघर हा वेगळा आजार. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर ती थांबली, तर ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंड दोन वाटांनी जोडलं गेल्याने झालेलं वेटोळं, समजायचा. तिथे आम्ही आयसोलेटेड (थेट तारजोड नसलेली) पॉवर आणि डेटाला तसाच आयसोलेटर सुचवतो. खर्च वाढतो, हे आधीच सांगतो.

मोठे कॅपॅसिटर लावा म्हणजे आवाज दमदार होतो, हा समज ऑडिओवाल्यांत खोल रुजलाय. पण यूएसबी २.० च्या नियमानुसार केबल जोडताना पोर्टला दिसणारी कॅपॅसिटन्स १० मायक्रोफॅरडच्या आत हवी. तिथे १००० चा ठेवला तर जोडताक्षणी करंटची उसळी येते आणि पोर्ट बंद पडू शकतो. म्हणून मधे करंट हळूहळू वाढू देणारा सॉफ्ट-स्टार्ट स्विच घालतो, मोठे कॅपॅसिटर त्याच्या मागे.

टाइप-सी आलं आणि काम वाढलं. काय जोडलंय हे चार्जरला ज्यांवरून कळतं त्या सीसी१ आणि सीसी२ या दोन्ही पिनांना ५.१ किलोओहमचा आपापला रेझिस्टर ग्राउंडला लागतो. तो नसेल तर दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलवर बोर्ड मेलेला. काहीजण दोन्ही पिना जोडून एकच रेझिस्टर लावतात. साध्या केबलवर ते चालून जातं, पण ई-मार्क चिप (केबलची ओळख सांगणारी) असलेली केबल लावली की दोन्ही पिनांवर रोध हजार ओहमच्या खाली दिसतो. चार्जरला वाटतं, ही तर ऑडिओ ॲक्सेसरी, आणि तो पॉवर देतच नाही. ऑडिओचा बोर्ड ऑडिओ समजला गेला म्हणून उपाशी राहिला, हे ऐकून नवीन मुलं हसतात, आणि मग दुसरा रेझिस्टर कधी विसरत नाहीत.

सध्या जास्त चौकशी असते ती पॉवर डिलिव्हरीवर, म्हणजे टाइप-सी चार्जरकडून जास्त व्होल्टेज मागून घेण्याच्या पद्धतीवर, चालणाऱ्या छोट्या मिक्सरची. सगळ्यांना १२ व्होल्ट हवे असतात. ठरलेल्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० च्या आहेत. १२ ची काही चार्जर देतात, बरेच देत नाहीत. म्हणून आम्ही १५ मागतो आणि बोर्डावरच १२ करून घेतो. चार्जर २७ वॉटपेक्षा मोठा असावा, ही सूचना आता कोटेशनच्या पहिल्या ओळीतच लिहितो.