हेरेनग्राख्तवरचा बोका आणि आमची चिंगी

अ‍ॅमस्टरडॅममध्ये हेरेनग्राख्त कालव्याच्या काठी, ४९७ क्रमांकाच्या जुन्या हवेलीत, एका बोक्याच्या स्मरणार्थ उभारलेले संग्रहालय आहे. बॉब मायर या डच गृहस्थांनी आपल्या तांबूस बोक्याला अमेरिकेतील प्रसिद्ध बँकरचे नाव दिले होते, जॉन पियरपाँट मॉर्गन. १९६६ साली जन्मलेला हा बोका १९८३ मध्ये गेला आणि १९९० मध्ये मायर यांनी ‘काटेनकाबिनेट’ हे संग्रहालय सुरू केले. पिकासोपासून चित्रकार स्टाइनलेनच्या भित्तिपत्रकांपर्यंत, जिथे जिथे मांजर चितारले गेले, तिथून त्यांनी ते जमवले. बोक्याला दर पाच वर्षांनी वाढदिवसाची खास भेट मिळत असे आणि पंधराव्या वर्षी तर त्याचा चेहरा असलेली डॉलरची नोट तयार करण्यात आली, जिच्यावर ‘आमचा कुत्र्यावर विश्वास नाही’ अशा अर्थाचे वचन होते.

हे सर्व पाहताना माझे मन पुण्याला गेले, हे कबूल केले पाहिजे. बाजीराव रस्त्यावरचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आपणा सर्वांना ठाऊक आहे. चष्म्याचा व्यवसाय सांभाळून दिनकररावांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वाद्ये, दारांच्या चौकटी अशा सुमारे वीस हजार वस्तू गोळा केल्या, त्या सर्व संग्रहाला बालवयात गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवला. आपल्याकडे एका बापाने मुलासाठी एवढे केले आणि इथे एका श्रीमंताने बोक्यासाठी, असा अभिमानाचा विचार माझ्या मनात प्रथम आला. परंतु मांजरांच्या चित्रांच्या त्या दालनातून एक जिवंत मांजर निवांतपणे चालत गेले, तेव्हा त्या तुलनेतला ताठरपणा मला टोचू लागला, कारण गेलेल्या जिवाची जागा वस्तूंनी भरत राहण्याची ओढ दोघांचीही एकच होती.

मला हे इतके लागण्याचे कारण घरचेच आहे. शाळेत असल्यापासून मी टपाल तिकिटे जमवते आणि त्यातही मांजरांची. १९३० मध्ये स्पेनने काढलेल्या वैमानिक लिंडबर्गच्या तिकिटाच्या कोपऱ्यात विमानाकडे पाहणारे काळे मांजर आहे. पोलंडने १९६४ मध्ये मांजरांची दहा तिकिटे काढली, तो संच मी पाकिटांतून सुटासुटा मिळवत पूर्ण केला. आपल्या टपाल खात्याने २००५ साली मुधोळ हाउंडसह चार देशी कुत्र्यांना तिकिटांवर मान दिला, याचा मला आनंद आहे, पण घरच्या मांजराला तसा मान मिळालेले भारतीय तिकीट माझ्या संग्रहात नाही, ही रुखरुखही आहे. कोमट पाण्यात कागदापासून सुटलेली तिकिटे मी टीपकागदावर उपडी ठेवते, तेव्हा आमची मांजर चिंगी शेजारी पाय दुमडून बसते. एकदाही तिने त्यावर पंजा मारलेला नाही. चिमट्याने तिकीट उचलताना मात्र तिचा एखादा पांढरा केस हमखास हिंजखाली, म्हणजे तिकीट वहीत लावण्याच्या छोट्या डिंकाच्या पट्टीखाली, अडकतो आणि तो मी काढत नाही. जाणकार संग्राहकांना हे पटणार नाही.

चिंगीला पुण्याहून इकडे आणले, यावर अजूनही नातेवाइकांत चर्चा होते. भारतातून युरोपात मांजर आणायचे, तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, त्यानंतर निदान तीस दिवसांनी रक्ततपासणी, त्यात रेबीजविरोधी प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ युनिट आले पाहिजे, आणि रक्त घेतल्याच्या तारखेपासून पुढे तीन महिने थांबायचे. या नियमाचा मला प्रारंभी अतोनात राग आला होता. तिच्या पायाची नस सापडेना आणि ती माझ्या कोपरात डोके खुपसून थरथरत होती, तेव्हा तर फारच. रेबीजमुळे आपल्याकडे आजही माणसे मरतात, हे ठाऊक असल्याने त्या नियमाला मी चुकीचा म्हणणार नाही. तरीही सांगते, तो पाळताना घरच्यांचे जे ऐकावे लागले, ते नियमापेक्षा जड होते. ‘तेवढ्या पैशात पाटली झाली असती,’ असे मावशी म्हणाली. मावशीने घरातल्या प्रत्येक आजारपणात रात्री जागवल्या आहेत, म्हणून मी उलट बोलले नाही, पण माझा निर्णय योग्य होता, असे आजही वाटते. अकरा वर्षे जे जनावर माझ्या उशाशी झोपले, त्याला नोकरीच्या निमित्ताने कोणाच्या तरी दारात सोडून येणे मला जमण्यासारखे नव्हते.

मॉर्गन सतरा वर्षे जगला. चिंगी चौदा पूर्ण करीत आहे, तिचे मूत्रपिंड आता थकले आहे आणि तिच्या पाण्याच्या वाटीवर माझे सतत लक्ष असते. इथल्या संग्राहक मंडळात सोळा पानांच्या एका चौकटीचे, म्हणजे तिकिटे लावलेली पाने मांडण्याच्या एका फलकाचे, प्रदर्शन मांडता येते. तिच्या डोळ्यांदेखतच मांजरांची सोळा पाने लावण्याचे मी ठरवले आहे, आणि पहिल्या पानावर स्पेनच्या तिकिटाखाली तिचे नाव मराठीत लिहिणार आहे.